तार सुटते, पण सांधा धरतो का?

घरी वेल्डिंग शिकणाऱ्यांची पत्रं गेल्या दोन-तीन महिन्यांत बरीच आली, आणि जवळजवळ सगळी तारेच्या छोट्या मशीनबद्दलची. दुकानदार त्याला ‘मिग’ म्हणतात, आमच्या वर्कशॉपमध्ये आजही ‘सीओटू’ (कार्बन डायऑक्साइड वायूवरून). जुन्या पद्धतीसारखा वेल्डिंगचा रॉड हातानं पुढं न्यायचा नाही. ट्रिगर दाबला की रिळावरची तार आपोआप येते आणि वितळत जाते. मी आधी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चार वर्षं वेल्डर होतो, नंतर ३१ वर्षं आयटीआयमध्ये हाच ट्रेड शिकवला. या मशीननं शिकणाऱ्याला काय सोपं होतं आणि त्याच्यापासून काय लपतं, हे जवळून पाहिलंय. म्हणून हे पूर्ण सदर याच विषयाला देतो.

प्रश्न : साडेनऊ हजारांचं गॅसलेस मशीन घेतलं, एक किलोचं रीळ बसतं ते. आईच्या शिलाई मशीनसाठी २५ × २५ मिमी चौकोनी पाइपचा स्टँड केला. पाइप १६ गेजचा, पायांखाली ६ मिमी जाड पट्टीचे तुकडे. पाइपाला पाइप जोडलेले सांधे टिकले, पण चौथ्या दिवशी एक पाय पट्टीपासून निखळला. वेल्ड वरून चांगला भरलेला दिसत होता. शिंतोडे मात्र फार उडतात, मध्येमध्ये बारीक भोकंही पडतात. माझं काय चुकतंय?
– एक शिक्षक, बार्शी

उत्तर : गुरुजी, निखळलेला पाय टाकून दिला नसेल तर आधी तो आणि पट्टी हातात घ्या. पट्टीवर जिथं वेल्ड होता ती जागा उजेडात धरा. ग्राइंडरचे ओरखडे किंवा लोखंडाचा मूळचा काळा पापुद्रा तिथं जसाच्या तसा दिसतोय का? दिसत असेल, तर तिथं सांधा कधी झालाच नव्हता. वितळलेली तार पट्टीवर नुसती बसली होती, भिंतीवर चिखल वाळून बसतो तशी.

हे मला १९८७ साली कळलं. आमच्या वर्कशॉपमध्ये पहिलं सीओटू मशीन आलं होतं. तोवर माझा हात ६०१३ या साध्या वेल्डिंग रॉडवर बसलेला. रॉडचं एक बरं असतं, करंट कमी ठेवला की रॉड जॉबला (जोडायच्या लोखंडाला) चिकटतो, आर्क म्हणजे विजेची ज्योत टिकतच नाही. चूक तिथल्या तिथं कळते. तारेचं मशीन मात्र कमी उष्णतेतही तार वितळवत राहतं आणि वर सुंदर रेघ टाकतं. मी उसाच्या ट्रॉलीचे ब्रॅकेट त्यावर केले. रेघ इतकी सरळ आली होती की शेजारच्या शेडमधली माणसं बघून गेली. पंधरा दिवसांनी त्यातला एक ब्रॅकेट कारखान्याच्या आवारात, भरल्या ट्रॉलीखाली सुटला. कुणाला लागलं नाही. मिस्त्रींनी मला एक शब्दही सुनावला नाही. उरलेले ब्रॅकेट माझ्याच हातानं हॅक्सॉनं आडवे कापायला लावले आणि कापलेली बाजू कानशीनं गुळगुळीत करायला सांगितली. पाचांपैकी तिघांत वेल्ड आणि प्लेट यांच्यामध्ये केसासारखी काळी रेघ होती. ती रेघ मी अजून विसरलेलो नाही, आणि आयटीआयमध्ये प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात ती दाखवत आलो.

आता तुमच्या स्टँडकडं वळू. तुमच्या पत्रात मला दोन चुका दिसतात.

शिंतोडे आणि भोकं यांवरून वाटतं की मशीनची जोडणी उलटी आहे. गॅसलेस तार आतून पोकळ असते आणि पोकळीत फ्लक्स भरलेला असतो. तो जळून जो धूर आणि मळी तयार होते, तीच वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवते. बाजारातल्या बहुतेक गॅसलेस तारांसाठी टॉर्च (तार सोडणारी, ट्रिगरची हातातली मूठ) निगेटिव्हला आणि जॉबची पकड पॉझिटिव्हला लागते. गॅसवर चालणाऱ्या भरीव तारेचं याच्या बरोबर उलट. बरीच मशीनं दोन्ही तारांसाठी बनवलेली असतात आणि टॉर्च पॉझिटिव्हला जोडूनच घरी येतात. रिळावरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा, मशीन बंद करा, प्लग काढा, पुढचं किंवा आतलं झाकण उघडून जोडणी तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक जाडीची. पाइपाला पाइप जोडताना दोन्हीकडं १६ गेज, म्हणजे सुमारे १.६ मिमी. साध्या लोखंडाला मिलिमीटरमागे साधारण ४० अँपिअर हा आमचा अंदाजाचा हिशेब, म्हणजे तिथं ६५ च्या आसपास पुरतात. तेवढ्याच सेटिंगवर तुम्ही पाइप ६ मिमीच्या पट्टीवर उभा केलात. पाइप वितळला, पट्टीनं मात्र उष्णता पिऊन टाकली आणि ती थंडच राहिली. अँपिअर वाढवले तर पाइपाला भोक पडणार. यावर दोन उपाय. एक, आर्क पट्टीवर ठेवायचा, तिथं वितळलेल्या धातूचं तळं तयार होऊ द्यायचं आणि ते तळं पाइपाच्या कडेला नुसतं टेकवायचं. याला सराव लागतो. दुसरा उपाय आजच करण्यासारखा : पायाखाली ३ मिमीची पट्टी घ्या. शिलाई मशीनच्या स्टँडला ६ मिमीची गरजच नाही.

ज्यांच्या मशीनवर व्होल्ट आणि तारेचा वेग अशी दोन बटणं वेगळी आहेत त्यांच्यासाठी सांगतो. तारेचा वेग वाढवला की करंट वाढतो. व्होल्टनं आर्कची लांबी आणि रेघेची रुंदी ठरते. सुरुवातीला अँपिअरच्या विसाव्या भागात १४ मिळवायचे आणि तेवढे व्होल्ट ठेवायचे. ६० अँपिअरला १७, १०० ला १९, १२० ला २०. पुढचं कानानं. तार टॉर्चला मागं ढकलत असेल, टक्‌टक्‌ करत जॉबवर आपटत असेल तर तारेचा वेग जास्त आहे. तार टॉर्चच्या टिपेकडं (जिथून ती बाहेर येते त्या टोकाकडं) मागं जळत येऊन टिपेलाच चिकटत असेल तर वेग कमी, किंवा टॉर्च फार जवळ. जमलेला आवाज भजी तळताना येतो तसा सलग असतो.

तोडून पाहण्याची रीत आता नीट वाचा, कारण माझ्या मते तुमचं पुढचं सगळं शिक्षण त्यात आहे. २५ × ३ मिमीच्या पट्टीचे ६० मिमीचे तुकडे कापा. दोन्ही बाजूंचा गंज, रंग, काळा पापुद्रा ग्राइंडरनं चमकेपर्यंत काढा, आणि जॉबची पकडही तशाच चमकत्या लोखंडावर लावा. एक तुकडा आडवा, त्यावर दुसरा उभा, उलट्या ‘टी’सारखा. दोन टोकांना टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, गुण्या लावून बघा, मग फक्त एकाच बाजूनं पूर्ण वेल्ड. टिपेपासून तार १५ मिमीच्या आसपास बाहेर, टॉर्च किंचित कललेला, आणि गॅसलेस तार असल्यामुळं टॉर्च ओढत न्यायचा, ढकलत नाही. थंड झाल्यावर मळी झाडा, आडवा तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरा आणि वेल्ड नसलेल्या बाजूनं हातोडा मारून उभा तुकडा वेल्डच्या अंगावर पाडा. पट्टी वाकली, वेल्ड फाटला आणि फाटलेली जागा दाणेदार करडी दिसली, तर धातू मिसळला होता. उभा तुकडा साखरेच्या वडीसारखा स्वच्छ सुटून आला, खाली ओरखडे शाबूत, तर पुन्हा करा. माझे विद्यार्थी असे तीस-तीस तुकडे तोडत, तेव्हा कुठं पहिल्या स्टुलाला हात लावत.

स्टँडच्या जुन्या वेल्डवर नवा वेल्ड चढवू नका. चारही पाय सोडवा, पूर्ण घासा, नव्यानं लावा. आईंना तोवर जुन्या टेबलावर शिवू द्या.

प्रश्न : मी १९ वर्षांची, मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. कॉलेजमध्ये वेल्डिंगचे मोजके तास झाले. काकांचं मिग मशीन घरी पडून आहे, त्यावर ‘२००’ लिहिलंय. बाबा म्हणतात घरच्या लाइनवर चालणार नाही, आणि आजी म्हणते मुलीनं हे कशाला. अंगणात शिकू का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : शीक, बाळ. आजींना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की माझ्या शेवटच्या तुकडीत तीन मुली होत्या. त्यातल्या दोघींचे तोडलेले तुकडे मी नमुना म्हणून भिंतीवर टांगले होते. हात स्थिर लागतो, आणि तो सरावानं येतो.

बाबांचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. घरातला छोटा ६ अँपिअरचा प्लग यासाठी नाहीच. १६ अँपिअरचा मोठा प्लग, तोही मीटरपासून स्वतंत्र वायर आलेला हवा. हिशेब करून बघ : १६ गुणिले २३० म्हणजे ३६८० वॅट. आर्कला १०० अँपिअर आणि १९ व्होल्ट लागले तर १९०० वॅट, त्यावर मशीनमधली गळती आणि ही मशीनं लाइनमधून ओढतात तो जादा करंट. म्हणजे १०० च्या आसपास तू आरामात शिकशील. २०० चा आकडा विसर. एमसीबी पडायला लागला तर मोठा एमसीबी बसवून घेऊ नकोस, आतली वायर तापेल आणि ते कळणारही नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घे. एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ चौरस मिमी तांब्याचं, आणि वापरताना पूर्ण उलगडून. गुंडाळलेलं बोर्ड स्वतःच्याच उष्णतेनं वितळतं. ओल्या अंगणात, भिजलेल्या चपलेवर काम नाही. पावसाळ्यात थांब.

लातूरकडच्या अंगणात कडबा रचलेला असतो, म्हणून मुद्दाम लिहितो. ठिणगी उडून दहा-अकरा मीटरपर्यंत जाऊ शकते आणि कडब्यात तासभर धुमसत राहू शकते. कडबा, गोवऱ्या, गाडी, गॅस सिलिंडर काहीही जवळ नको. वाळूची आणि पाण्याची बादली शेजारी ठेव. पाणी मशीनवर नाही टाकायचं, आधी प्लग काढायचा. काम संपल्यावर तासभर तिथंच बसून राहा, अभ्यासाचं पुस्तक घेऊन बस हवं तर. अंगात जाड सुती कपडे, पायात चामडी बूट, केस बांधून टोपीखाली. नायलॉनची ओढणी किंवा टेरिलीनचा ड्रेस ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतो.

पहिले चार दिवस मशीन बंद ठेवून टॉर्च चालव. खडूनं मारलेल्या १५० मिमीच्या रेघेवर, कोपर टेकवून, दोन्ही हातांनी. मग वरच्या पत्रातल्या गुरुजींना सांगितलेले तुकडे कर.

प्रश्न : गावात गेट करून घेताना मी शेजारी उभा होतो. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं झालं, पाणी थांबेना. वेल्डर म्हणाला, बटाट्याचे काप ठेवा, बरं होईल. झालंही. आता स्वतः शिकायचं आहे, तर काळा गॉगल पुरेल का?
– चिपळूण

उत्तर : गॉगल पुरणार नाही, एकदाही नाही. तुम्हाला आर्क लागला होता. आर्कमधून निघणारे अतिनील किरण बुबुळाच्या पुढच्या पडद्याला उन्हानं कातडी भाजते तसे भाजतात. त्या क्षणी काहीच दुखत नाही, सहा ते बारा तासांनी दुखायला लागतं. म्हणून नेमकं मध्यरात्री. मला हे १९८५ साली झालं, कामाला लागून आठवडा झाला होता. मिस्त्रींसाठी जॉब धरून उभा होतो आणि ‘एकदाच’ बघितलं, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे दहा-बारा वेळा बघितलं असणार. आईनं रात्रभर उशाशी बसून बटाटा किसून लावला. बटाट्याच्या गारव्यानं बरं वाटतं, पण पडदा एक-दोन दिवसांत आपला आपणच भरून येतो. गार पाण्याची स्वच्छ घडी तेवढंच करते. डोळ्याच्या आत दूध, गुलाबपाणी, तूप काहीही घालू नका, चोळू नका, अंधाऱ्या खोलीत पडून राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब कुणी घरी वापरायला दिले तर घेऊ नका. दुखणं थांबतं, पण वारंवार टाकले की जखम भरत नाही.

शिकताना आपोआप काळी होणारी हेल्मेट घ्या, शेड (काचेच्या काळेपणाचा नंबर) ९ ते १३ बदलता येणारी. तुमच्या कामाला १० किंवा ११ लागेल. नवशिक्याला हिचा खरा फायदा हा की आर्क पेटण्याआधी टॉर्च कुठं आहे ते दिसतं. साध्या काळ्या काचेत दिसत नाही म्हणून माणूस काच वर करतो आणि तिथंच फसतो. रोज काम सुरू करण्याआधी हेल्मेट हातात धरून उन्हाकडं वळवा, काच काळी होतेय का बघा. मळी झाडताना आणि ग्राइंडर चालवताना साधा पारदर्शक चष्मा वेगळा हवा, कारण गरम मळीचा तुकडा सरळ डोळ्याकडं उडतो.

गळा आणि शर्टाचं वरचं बटण विसरू नका. आणि पोरं बघायला गोळा होतात. आमच्याकडं नियम होता : जुन्या चादरीचा का होईना, पडदा लागल्याशिवाय आर्क पेटवायचा नाही.

प्रश्न : पाण्याचे जुने जीआय पाइप होते, त्यांचा वेलींसाठी मांडव केला. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, तोंडात गोड-धातूसारखी चव. सकाळी बरं वाटलं. मित्र म्हणतो, गूळ खाऊन आणि दूध पिऊन वेल्डिंग करायचं.
– शेतकरी, तासगाव

उत्तर : तो जस्ताचा ताप. जीआय पाइपावरचा पांढरा थर म्हणजे जस्त, आणि जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. लोखंड वितळायला १५०० च्या जवळ जावं लागतं. म्हणजे सांधा होण्याआधीच सगळं जस्त पांढरा धूर होऊन तुमच्या नाकापुढं. दूध पोटात जातं, धूर फुफ्फुसात, त्यामुळं दुधाचा आणि गुळाचा इथं उपयोग नाही. ते खाल्ल्यानं आपण सुरक्षित आहोत असं वाटून माणूस धुरात जास्त वेळ बसतो, हे मला जास्त भीतीचं वाटतं. एका दिवसात उतरला म्हणून सोडून देऊ नका. दम लागला, छाती भरून आली, ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर लगेच दवाखाना.

वेलींच्या मांडवाला नवा साधा एमएस (जस्ताचा थर नसलेल्या लोखंडाचा) पाइप घ्या आणि वेल्ड झाल्यावर रेड ऑक्साइड मारा. जुनाच वापरायचा तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचा तीन-चार सेंटिमीटर थर, शक्य असेल तिथं आतूनही, घासून काढा. घासतानाही तोंडावर चांगला मास्क हवा. रुमाल बांधून धूर अडत नाही. उघड्यावर बसा, वारा धूर तुमच्यापासून दूर नेईल अशा बाजूला, आणि डोकं धुराच्या लोटात जाणार नाही असं.

आणखी एक, कारण शेतावर हे नेहमी होतं. जॉब पुसायला ब्रेक क्लीनरसारखे फवारे वापरू नका. काहींत क्लोरीनयुक्त द्रव असतात, आणि ते आर्कच्या उष्णतेत आणि किरणांत आले की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. चिंधी आणि वायर ब्रश पुरे.

प्रश्न : गॅसलेस तार घ्यावी की सीओटूचा सिलिंडर? टेरेसवर काम करतो.
– ठाणे

उत्तर : टेरेसवर गॅसलेस. सिलिंडरचा वायू मिनिटाला १०–१२ लिटर सोडला तरी खाडीवरून येणारा वारा तो उडवून लावतो आणि वेल्डला भोकं पडतात. बंद शेड असेल, पत्र्याचं बारीक काम असेल तर गॅस आणि ०.८ मिमीची भरीव तार जास्त स्वच्छ चालते. मात्र बंद जागेत हवा खेळती हवी, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, तो खाली साठतो. ही पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेत पुढं आली तेव्हा महागड्या वायूंवर आणि ॲल्युमिनियमसाठी होती. १९५० च्या दशकात कार्बन डायऑक्साइड चालतो हे सिद्ध झालं आणि मग ती लोखंडाच्या साध्या शेडपर्यंत आली. आमच्याकडं पडलेलं ‘सीओटू’ हे नाव तिथूनच.

गॅसलेस तार मऊ असते. रोलर फार आवळला की ती चेपते आणि आत गुंता होतो. खाचांचा रोलर लावा, आणि तार लाकडाच्या फळीवर तिरकी सोडून बघा. न अडखळता गोल वळत गेली की आवळणं बरोबर आहे.

प्रश्न : चार महिने सराव झाला, स्टूल, कुंड्यांचा स्टँड जमला. आता गच्चीवर झोपाळा करतोय, वरच्या कड्या स्वतः वेल्ड करू का? शिवाय मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीला बारीक भोक आहे.
– सावंतवाडी

उत्तर : टाकीला हात लावू नका. रिकामी, धुतलेली, महिनाभर उन्हात ठेवलेली, कशीही असो. आतल्या पत्र्याला धरून राहिलेली वाफ एका ठिणगीला पुरते. ती त्याच कामाच्या माणसाकडं द्या किंवा नवी घ्या.

झोपाळ्याची चौकट, पाटाखालचे अँगल, बाजूची जाळी तुम्ही करा. कड्या नको. कडीवरचा भार झोक्याबरोबर दर वेळी बदलतो, आणि अशा भाराखाली न मिसळलेला सांधा महिनोन्‌महिने काहीच दाखवत नाही. मग एक दिवस संध्याकाळी, त्यावर दोन मुलं बसलेली असताना सुटतो. शक्यतो वेल्डच नको : स्लॅबमधून आरपार जाणारा बोल्ट, वर मोठी प्लेट, खाली घडीव कडी, आणि हे काम बांधकाम कळणाऱ्याला दाखवून. चौकटीचे कोपरे मात्र करण्याआधी त्याच पाइपाचे दोन नमुने करा आणि हातोड्यानं तोडा. तुटलेल्या बाजूचा फोटो मला पाठवा, बघून सांगतो.